माघारी आलेलं पाणी

तानुबाईनं सापळ्याचं तोंड डोंगराकडं केलं आणि शेपूट समुद्राकडं. यात इचार करण्यासारखं काही नव्हतंच. पाणी डोंगरातून येतं, आश्विनात ओसरायला लागलं की मासा त्याच्याबरोबर खाली उतरतो, आणि उतरता उतरता सापळ्यात शिरतो. ती आली होती त्या मुळशीच्या खोऱ्यात हे शेंबड्या पोराला कळत होतं. तानुबाईला तर अख्खी वाडी इचारायला यायची, की यंदा सापळा कुठल्या डोहाखाली लावू. आणि तिनं सांगितलेल्या जागी मासा गावला नाही असं कुणी म्हटलं असतं, तर तिनं त्याचं थोबाड रंगवलं असतं.

कामट्यांचा सापळा तिनं स्वतः विणला होता. दोन्ही अंगाला दगडांच्या उतरत्या भिंती रचल्या, वर एक धोंडा ठेवला आणि गुडघाभर चिखलातून ती काठाला आली. चिखलानं पाय असा धरून ठेवला होता की जणू जाऊच नको म्हणत होता. हा चिखलही तिला आवडला नव्हता. नदीची वाळू कशी पायाखाली सरळ बोलते.

"ए बाय, दगड कमी पडतील गो!" साकवावरून आवाज आला. तिनं सापळा लावला त्या खाडीच्या फाट्यावर पायवाटेचा लाकडी साकव होता आणि त्यावर पाय सोडून चांगुबाई गळ टाकून बसली होती. खाडीवरची जुनी कोळीण. बसल्या जागेवरून बोय आणि शिंगाळे ओढायची आणि सबंध गावाचा समाचार घ्यायची. "पानी आलं का जाईल सगलं उचलून."

"पाणी आलंच हाय की," तानुबाई म्हणाली. "आंधळी हाईस का? आन माझा सापळा मुळा नदीच्या पुरात टिकलाय. तुमच्या ह्या गढूळ डबक्यात त्याला काय व्हतंय!"

चांगुबाई हसली. "असूं दे बाय. तू डोंगरची कोळीन, तुला सगला ठावं."

नावानं दोघी कोळणीच. पण एकीनं जन्मात समुद्र बघितला नव्हता आणि दुसरीनं डोंगर चढला नव्हता. एकीला दुसरी खोटी कोळीण वाटत होती.

तानुबाई काठावरच्या खडकावर बसली. तिला दिवसभर तिथून हलता येणार नव्हतं. तिच्या सासरची रीतच तशी होती. नव्या जागी राहायचं तर आधी पाण्याला इचारायचं. घरातल्या थोरल्या बाईनं स्वतः विणलेला सापळा स्वतःच्या हातानं लावायचा आणि नजर ठेवून बसायचं. मासा गावला, की पाण्यातल्या देवींनी, आसरांनी होकार दिला, तिथं चूल मांडायची. नाही गावला, तर बोचकी उचलून दुसरं पाणी धुंडायचं. इचारायचं एकदाच. दुसऱ्यांदा इचारणं म्हणजे आसरांना खोटं पाडणं.

आणि चूल तर आता मांडायलाच हवी होती. मुळेवर कंपनीचं धरण झालं, वाडी पाण्याखाली गेली आणि तेव्हापासून तानुबाईचं घर म्हणजे डोंगराच्या उतारावरचं एक गवती छप्पर. तिथं ना शेत, ना नदी. सून सोनी पोटुशी, दिवस भरत आलेले. लेक गोमा उन्हाळ्यात ताम्हिणीचा घाट उतरून इकडं कामाला आला होता. चांगुबाईच्या घरानं त्याला पोटाला घातलं आणि शेवटी म्हटलं, आमच्याकडं माणसं कमी आहेत, काठावर जागा आहे, बिऱ्हाड घेऊन ये, आमच्या होडीवर हात लाव. गोमाचा जीव इथं रमला होता. पण त्याच्या जीवाला कोण इचारतो? आईनं सांगितलं, "पाणी काय म्हणतंय ते आदी बघीन."

तर ती बघत बसली.

सकाळी पाणी नीट वागत होतं. खाली, समुद्राकडं चाललं होतं. कुणीतरी सोललेल्या नारळाचं एक सोडण डुलत डुलत साकवाखालून गेलं आणि वळणाआड दिसेनासं झालं. तानुबाईचा जीव जरा बसला. खारट असलं तरी पाणी ते पाणी, तिनं मनात म्हटलं. मग हळूहळू त्याची चाल मंदावली. फेस जागच्या जागी फिरायला लागला. मग पाणी थांबलं.

तिनं डोळे चोळले. वाहतं पाणी थांबतं कसं? वारा आडवा आला म्हणावं तर पान हालत नव्हतं. ती उभी राहिली. तेवढ्यात वळणाआडून तेच सोडण परत आलं. तसंच डुलत, पण वर. डोंगराकडं.

त्याच्यामागून गवताच्या काड्या आल्या, फेस आला, कुणाची तरी फाटकी टोपली आली. सापळ्याच्या दगडी भिंती एकेक करून दिसेनाशा झाल्या. खडकाच्या पायथ्याशी पाणी आलं. त्याला ना आवाज, ना लाट.

तानुबाई खडकावरून मागं सरकली. हे पाणी ती ओळखत होती. मुळा अशीच एक दिवस थांबली होती. अशाच काड्या आणि शेण्या खालच्या अंगानं वर आल्या होत्या. पाणी गुपचूप गोठ्यात शिरलं, अंगणातल्या उखळात भरलं, आणि उंबऱ्याला लागलं तेव्हा सुद्धा एवढासा आवाज केला नाही. पाणी उलटं चढतं ते एकाच कारणानं.

तिनं खाली नजर टाकली. वळणाच्या अलीकडं मातीचा लांबच लांब बांध. यंदाचीच माती. तो बांध काल दिवस मावळता येतानाही दिसला होता, आणि गोमानं मोठ्या फुशारकीनं दाखवला होता, "आये, ह्यो मी घातलाय. उन्हाळाभर हितंच माती टाकत हुतो."

आता मात्र तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि तो सगळा चुकीच्या दिशेनं.

"धरण!" ती ओरडली. "सोने! ऊठ! गाडगी उचल! खाली धरण बांधलंय!"

ती चिखल तुडवत, चांगुबाईच्या घरानं उतरायला दिलेल्या काठावरच्या झोपडीकडं पळाली. सोनी तीन दगडांवर तवा ठेवून भाकरी थापत होती. सासूनं पिठाचा हातसुद्धा धुऊ दिला नाही. एका हातात गाडगं आणि दुसऱ्या हातात सुनेचं मनगट धरून तिनं मागचं टेकाड गाठलं.

"अवं आत्या, झालं काय?" सोनीला दम लागला होता.

"पाणी माघारी येतंय. बस हितं. हालू नगंस."

"सगळी माणसं तर खालीच हायेत की."

"आमचीबी हुती. कंपनीचा माणूस सांगून गेला हुता, इतकं येईल आन थांबंल. थांबलं का?"

गोमा होडीवरून उतरून धावत आला. त्यानं आईला टेकाडावर बघितलं आणि त्याला वाटलं, सोनीचं काही झालं. "काय गं आये?"

"आये म्हनू नगंस." तानुबाईनं त्याच्याकडं पाठ फिरवली. "मी मुळंवरच्या धरणाच्या पायावर जाऊन बसले हुते. शिपायांनी फरफटत न्हेलं तरी दुसऱ्या दिशी परत बसले. ज्यानं ज्यानं तितं मातीची पाटी उचलली त्याच्या घरचं पाणी प्याले न्हाई. आन माझ्या पोटचा पोरगा हितं येऊन धरणाला माती टाकतोय! आन ते बोट दावून सांगतोय मला!"

गोमा आ वासून बघत राहिला. "धरण? कुटलं धरण?"

"त्यो काय बांध!"

"अगं आये, त्यो खाराचा बांध हाय! भाताच्या शेतात खारं पाणी शिरू नये म्हनून घातलाय. पाणी अडवायला न्हाई... म्हंजी अडवायलाच... पर भायेरचं भायेर."

"पाणी अडवायला न्हाई आन अडवायलाच? डोस्कं ठिकानावर हाय का तुजं?"

गोमानं पुन्हा सांगितलं, हातवारे करून सांगितलं. जितकं सांगेल तितका गुंता वाढला. तानुबाईला बांध एकच ठाऊक होता, शेत बुडवणारा. बुडत्या शेताला वाचवणारा बांध ही गोष्ट तिच्या डोक्यात शिरायला तिथं जागाच नव्हती. आणि ते खरं धरलं, तर मग पाणी उलटं चढलं कशानं?

आरडाओरडा ऐकून चांगुबाई गळ आणि मासळीची पाटी सावरत वर आली. सगळं ऐकून तिनं पदराला तोंड दाबलं, पण हसू काही दबेना.

"कोलीन म्हनवतेस गो, नि भरतीला भितेस?"

"हसू नगंस. कोन सोडतंय हे पाणी?"

"कोन सोडनार? आपलंआपन येतं. रोज येतं नि रोज जातं. माजी आजी पन बगायची."

"गेलेलं पाणी माघारी येतं व्हय कुटं?"

"हितं येतं बाय. चंद्र वडतो म्हनतात."

तानुबाईनं आभाळाकडं बघितलं. भर दुपारचं ऊन. चंद्राचा पत्ता नव्हता. "कुटं हाय चंद्र? मला येडी समजतीस?"

चांगुबाईनं गळ खाली ठेवला. तीही क्षणभर आभाळाकडं बघत राहिली.

"जातंय म्हनतीस न्हवं?" तानुबाईनं बैठक मारली. "मग जाऊं दे. गेलेलं डोळ्यांनी बघते. तवर सोनी हितनं हालायची न्हाई. आन तू," ती लेकाला म्हणाली, "तू माझ्या म्होरं उभा ऱ्हाऊ नगंस."

गोमा लांब जाऊन बसला. भाकरी अर्धी भाजून तव्यावर राहिली होती, ती कुणाला आठवली नाही.

पाणी झोपडीच्या खाली, काठावरच्या तिवरांच्या झाडांच्या मुळ्यांपर्यंत आलं. तानुबाईनं सोनीचा हात घट्ट धरला. पाणी तिथं थांबलं. ती वाट बघत राहिली, पुढं येईल म्हणून. ते पुढं आलं नाही. बांधाच्या अलीकडं खारं पाणी टेकलेलं आणि पलीकडं भाताच्या लोंब्या कोरड्या उभ्या, हे तिनं डोळ्यांनी बघितलं, आणि तरी तिला त्याचा अर्थ लागेना. मग ऊन कलतं झालं आणि तिवराच्या बुंध्यावर ओली रेघ दिसायला लागली. पाणी रेघेच्या खाली गेलं होतं. कुणी हाकललं नाही, कुणी दरवाजा उघडला नाही, गेलं आपलं.

तिनं सोनीचा हात सोडला. आजवर तिला वाटत होतं, पाण्याला दोनच कामं, वाहायचं नाही तर बुडवायचं. हे तिसरं कसलं, येऊन बघून जाणारं?

मग एकदम तिला सापळा आठवला.

गोमा आधीच फाट्यात उतरला होता. दगडी भिंती ढासळलेल्या, सापळा नाही. तो आणि त्याच्या मागोमाग सोनी खाली, समुद्राच्या अंगाला शोधत निघाले. वाहून गेलेली वस्तू खालीच जाते.

"वर बघा," तानुबाई म्हणाली, आणि स्वतःच्याच बोलण्यानं दचकली.

"वर?"

"वरच. मला इचारू नगंस का ते."

सापळा सापडला तो साकवाच्या कितीतरी वर, तिवरांच्या मुळ्यांत, पालथा आणि उलटा फिरलेला. तोंड समुद्राकडं. कामट्या एका बाजूनं कुरतडलेल्या. आत एक चिंबोरी, पंज्याएवढी, एक नांगी कामट्यांत अडकलेली. तिच्याशेजारी एका माशाचं डोकं आणि स्वच्छ काटा.

सगळे तानुबाईकडं बघायला लागले.

"मासा आला हुता," गोमा हळूच म्हणाला. "डोकं हाय की."

"आला हुता, पर मला कुटं गावला? हिनं खाल्ला."

"मग ही गावली न्हवं?"

"रीत माशाची हाय. खेकड्याची न्हाई."

"चिंबोरीचा कालवन मासलीहून गोड," चांगुबाई मध्येच बोलली.

"तुला कुनी इचारलं?"

तानुबाई सापळा हातात फिरवत राहिली. मासा डोंगराकडून आला की समुद्राकडून? पाणी येताना शिरला की जाताना? सापळ्याचं तोंड तिनं इकडं केलेलं, पाण्यानं तिकडं केलं, मग होकार कुठल्या पाण्याचा? सासूनं रीत शिकवली तेव्हा तिलाही ठाऊक नव्हतं, की असं एक पाणी असतं जे दोन्ही बाजूंनी बोलतं. आणि दुसऱ्यांदा इचारायची सोय नाही. जन्मात पहिल्यांदा तानुबाईकडं सगळे बघत होते आणि काय सांगायचं ते तिला ठाऊक नव्हतं.

तिनं सोनीकडं बघितलं. पोरीच्या हातावर दुपारचं पीठ वाळून खडखडीत झालं होतं आणि उभं राहताना ती कमरेला हात देत होती. घाट पुन्हा चढायचं हिच्यात त्राण नव्हतं, हे सांगायला कुठल्या आसरा लागत नव्हत्या.

"चूल टेकाडावर मांडायची," तानुबाई म्हणाली.

गोमाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "म्हंजी ऱ्हायाचं?"

"टेकाडावर म्हनलं. काठावर न्हाई."

"आये, पर तितनं होडी लांब. पाणी भरायला, जाळी वाळवायला..."

"लांब असूं दे. हे पाणी रोज येनार म्हनतीया ही. येऊं दे. पर माझ्या उंबऱ्याला इचारल्याबिगर लागायचं न्हाई."

गोमा हसला. मग घाबरून हसू आवरलं.

"हसतोस काय? कालवन कर म्हनावं तुज्या बायकूला. आन ती मोटी नांगी तू खा. उन्हाळाभर माती उचलून हाडं दिसायला लागल्यात." माफी कशी मागतात ते तानुबाईला कधी शिकवलेलं नव्हतं, पण गोमानं नांगी मोडून धोतराच्या सोग्यात बांधून घेतली ती एखादं बक्षीस मिळाल्यासारखी.

पोरं बोचकी टेकाडावर न्यायला लागली. तानुबाई मात्र साकवावर गेली आणि परत गळ टाकून बसलेल्या चांगुबाईपासून हातभर अंतर सोडून बसली. पाय खाली सोडायला तिला धीर झाला नाही, मांडी घालूनच बसली. खाली पाणी समुद्राकडं पळत होतं, सकाळपेक्षा दुप्पट घाईनं.

"आता हे कुटं चाललं?"

"दर्यात."

"आन माघारी कशापायी येतं? तिकडं करमत न्हाई?"

चांगुबाईनं गळ वर काढला, आमिष बघितलं, परत सोडला.

"कुनास ठाव, बाय," ती शेवटी म्हणाली. "मी कदी इचारलंच नाय."

मग दोघी खाली वाकून बघत राहिल्या.