अस्वलिणीचा पट्टा

अस्वलिणीच्या गळ्यातल्या रेडिओ पट्ट्याचे ठोके अचानक जलद झाले. जनावर बराच वेळ हललं नाही की ते असे वाजतात. बहुधा ते मेलेलं असतं.

"ताई, पट्टा मीच बांधला होता. घट्ट झाला असेल," चढावर धाकटी संशोधक पुन्हा पुन्हा म्हणत होती.

"दोन बोटं आत जात होती ना? मग उगाच जिवाला लावून घेऊ नकोस," थोरली म्हणाली.

ठोक्यांचा माग काढत दोघी एका कपारीपाशी पोहोचल्या. आतून मधमाश्यांसारखी गुणगुण येत होती. थोरलीने तिचा दंड धरला.

"दूध पिताना पिल्लं अशीच गुणगुणतात. बाळंतीण निजलीय, बाई!"

धाकटीला हसू आणि रडू एकदमच फुटायला लागलं.

"काय करायचं ते खाली जाऊन कर," थोरली तिला मागे ओढत पुटपुटली.