हॉजसनने मारलेला चेंडू

अन्सेल्मो उरोस एल रोसारिओ गावाच्या बेसबॉल संघात बारा वर्षं पिचर होता. बारा वर्षं चेंडू फेकून त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आला होता, पण अजिंक्यपद काही गावाच्या वाट्याला आलं नव्हतं. त्या हंगामाची सुरुवात तर अशी झाली, की पहिले सात सामने संघ ओळीनं हरला. न्हाव्यानं दुकानातला रेडिओच बंद करून ठेवला.

मग काय झालं कोणालाच कळलं नाही. हरता हरता संघ जिंकायला लागला. डिसेंबरात तिसरा, जानेवारीत दुसरा, आणि फेब्रुवारीत थेट पहिल्या नंबरावरच्या बंदराच्या संघाच्या, बंदरकरांच्या, बरोबरीला. दोघांचेही चौतीस विजय. शेवटचा सामना एकमेकांशीच, रोसारिओच्या मैदानावर, रविवारी दुपारी. त्या दिवशी पाद्रीबाबांनी मिस्सा इतकी झटपट उरकली, की म्हाताऱ्या बायका गुडघे टेकेपर्यंत आशीर्वाद देऊन झाले होते.

नवव्या आणि शेवटच्या डावात रोसारिओ दोन-एकनं पुढे होता. बंदरकरांचे दोन गडी बाद, एक जण दुसऱ्या बेसवर. आणखी एक बाद केला की संपलं. पण बॅट घेऊन आला डेल्बर्ट हॉजसन. ब्लूफील्ड्स गावचा, तेवीस वर्षांचा, दारातून वाकून यावं लागेल एवढा उंच. त्यानं हंगामात एकोणीस वेळा चेंडू कुंपणाबाहेर घालवला होता. अन्सेल्मोचा मात्र एकदाही नाही.

संघाचे व्यवस्थापक डॉन एर्मोहेनेस तरातरा मैदानात आले. मागोमाग कॅचर चिलो ओबांदो आला, पोटावरचं चिलखत सावरत.

"चार चेंडू बाहेर टाक आणि फुकटात पाठव त्याला पहिल्या बेसवर," डॉन एर्मोहेनेस म्हणाले. "मागनं येणाऱ्याला माझी आजीसुद्धा बाद करेल."

"डॉन एर्मोहेनेस, मला टाकू द्या."

"अरे, डोकं ठिकाणावर आहे का?"

"ह्याला टाळून जिंकलो, तर जन्मभर विचार करत बसेन."

"आणि हरलास तर?"

"तरी करेनच."

चिलो फिसकन हसला. डॉन एर्मोहेनेसनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो खाली वाकून उगाच बुटाची नाडी बांधायला लागला. मग त्यांनी प्रेक्षकांकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. "टाक मग. पण अन्सेल्मो, संध्याकाळी ह्याच गावातून घरी जायचंय आपल्याला." एवढं बोलून ते परत फिरले.

पहिला चेंडू हॉजसननं नुसता बघितला. पंचानं हात वर केला. दुसऱ्यावर त्यानं बॅट फिरवली, ती हवेतच. दोन झाले. आता आणखी एकच हुकला की बाद. सात हजार लोक उभे राहिले.

चिलोनं मांडीवर तीन बोटं दाखवली. तीन बोटं म्हणजे त्यांचा नवा चेंडू. तो चेंडू दोघांनी सगळा जानेवारी तबेल्यामागे घोटवला होता. सरळ येणारा, आणि अगदी शेवटी खाली कोसळणारा. पाचांत एखादा साधायचा. सामन्यात तो एकदाही टाकला नव्हता.

अन्सेल्मोनं तो टाकला, आणि हातातून सुटतानाच त्याला कळलं, की असा चेंडू आपल्या हातून कधी गेला नाही आणि पुन्हा जाणार नाही. छातीच्या उंचीनं गेला आणि टेबलावरून पेला पडावा तसा कोसळला. चिलोचा हातमोजा मातीला टेकला.

तिथं चेंडू पोचलाच नाही. हॉजसन गुडघ्यात वाकला, बॅट जमिनीलगत आली आणि एक कोरडा आवाज झाला. चेंडू वर चढला. चढतच राहिला. कुंपण, त्यामागचं सेइबाचं जुनं झाड, झाडावरून उडालेले पोपट, सगळं खाली राहिलं. कुंपणालगतच्या खेळाडूंनी पळायचंही सोडून दिलं. हॉजसन स्वतः बॅट धरून तिथंच उभा होता. शेवटी पंचच म्हणाला, "पळ की रे बाबा!"

अन्सेल्मोला रडू यायला हवं होतं. त्याच्या अंगावर काटा आला होता. आपण काहीतरी पाहिलं, आणि ते सर्वांत जवळून पाहिलं, एवढंच त्याच्या मनात होतं.

रोसारिओच्या वाट्याला अजून अर्धा डाव होता, पण तिघंही पटापट बाद झाले. तीन-दोन. अजिंक्यपद बंदरावर गेलं.

कपडे न बदलता अन्सेल्मो पाहुण्यांच्या खोलीत शिरला. आत गाणी चालली होती, रमच्या बाटल्या फुटत होत्या. हॉजसन कोपऱ्यातल्या बाकावर बसला होता, दोन्ही हात मांड्यांवर उलटे ठेवून.

"कसा दिसला तुला?" अन्सेल्मोनं विचारलं.

"नाही दिसला, मास्तर. अर्ध्यात नाहीसा झाला. मी मारला का, तेच समजत नाही." त्यानं मान वर केली. "तो होता तरी काय?"

अन्सेल्मो त्याच्या शेजारी बसला. बाकावरचा एक चेंडू उचलून त्यानं बोटं कुठं ठेवायची ते दाखवलं. हॉजसननं ती बोटं लहान मुलासारखी निरखून पाहिली.

गावानं त्या संध्याकाळी अन्सेल्मोला काही म्हटलं नाही. फक्त विगोरोन विकणाऱ्या डोन्या एदुविहेसबाईंनी हाक मारली, केळीच्या पानावर युकाचा उकडलेला कंद आणि वर चिचारोन, म्हणजे डुकराच्या कातडीचे कुरकुरीत तळलेले तुकडे, रचून त्याच्या हातात दिलं. "खा. हरलास मेल्या, पण काय हरलास!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आणि चिलो झाडापलीकडे चेंडू शोधायला गेले. मक्याच्या शेतापाशी एक बाई कपडे वाळत घालत होती. तिनं विहिरीपलीकडे बोट दाखवलं.

"तिथं पडला. मी अंगावर क्रूसाची खूण केली, म्हटलं ज्वालामुखीनं दगड फेकला. मग माझ्या कुत्र्यानं तो पळवला."

चिलोनं पावलं मोजायला सुरुवात केली होती, ती त्यानं मधेच सोडली. अन्सेल्मो विहिरीपाशी उभा राहून मागं बघत होता. मैदान कुठल्या कुठं, बुटक्या छपरांच्या आड राहिलं होतं.

"अन्सेल्मो," चिलो हळूच म्हणाला, "हे कुणाला सांगू नकोस. खोटारडे म्हणतील आपल्याला."

"सांगणार," अन्सेल्मो म्हणाला. "सगळ्यांना सांगणार."