अर्ध्या हॅटचं चित्र

जपानी माणसाला सर्दी होत नसावी. मला मात्र होते, कारण ऐन जानेवारीत, पॅरिसच्या बातिन्योल वस्तीत पाचव्या मजल्यावर, शेगडीत कोळसा नसताना मी पातळ रेशमी झगा घालून बसतो. झग्यावर बगळे आहेत आणि कोपरावर ठिगळ आहे. झगा अस्सल जपानी आहे असं दुकानवाल्या बाईने शपथेवर सांगितलं होतं, आणि गेल्या महाप्रदर्शनात जपानचं दालन पाहिल्यापासून कुणी शपथेवर जपानी म्हणून काहीही दिलं तरी मी ते घरी आणतो. कुंडीत बांबू म्हणून लावला तो निघाला सेनच्या काठचा बोरू, आणि तोही वाळला. भात मी दोन काड्यांनी खातो. काड्या म्हणजे माझेच जुने ब्रश, उलटे धरलेले, त्यामुळे निम्मा भात बगळ्यांच्या वाट्याला जातो. पूर्वेकडे मी स्वतः गेलो आहे तो फार तर शहराला लागून असलेल्या व्हँसेनच्या रानापर्यंत, तोही सहलीला.

चित्रांत तर मी पुरता जपानी झालो होतो. सावली काढायची नाही. मधोमध कुणाला बसवायचं नाही, तिथे मोकळी जागा सोडायची. आणि चौकटीच्या कडेने माणूस खुशाल कापायचा, कारण त्यांच्या छापचित्रांत तसंच असतं. कुणाचा नुसता पाय आत आलेला, कुणाची नुसती छत्री. आम्ही चार मित्र कॅफेत बसून ‘मोकळी जागा’ एवढंच म्हणायचो आणि माना डोलवायचो. त्या जागेत नक्की काय असतं हे कुणी कुणाला विचारत नसे. माझ्यापुरतं सांगायचं तर मला हात काढता येत नाहीत, आणि माणूस कापला की एकाच हातावर भागतं.

असल्या माणसाने क्लेमाँस तिबूव्हीलच्या प्रेमात पडावं यात नवल नाही. तिने माझ्या प्रेमात पडावं यात आहे. ती हॅटवाल्या तिबूव्हीलांची एकुलती एक लेक. दुकान खाली, घर वर. उंच काळी हॅट चढवून म्हातारबुवा दारात उभे राहिले की गिऱ्हाईक आपण होऊन डोकं पुढे करी. त्यांची बायको ऑर्तांस वारली तेव्हापासून ते घरातही हॅट घालूनच वावरायचे, आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे. मला ते ‘अहो चित्रकार’ म्हणायचे, लोक ज्या सुरात ‘अहो, जरा पाय पुसा’ म्हणतात त्या सुरात.

मी मागणी घालायला गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, “चित्रकार, तुम्ही करता काय?”

“चित्रं काढतो, मस्यू.”

“ते तुमच्या बुटांवरून दिसतंच आहे. पोट कशावर भरता?”

मी बुटांकडे पाहिलं.

“एल्बफ गावच्या लोकरवाल्याकडून हिच्यासाठी विचारणा आलीय. त्याच्या मुलाचा कारखाना आहे. मुलगा दिसायला बेताचाच, पण चित्रं काढत नाही, हा एक गुण आहे त्याच्यात.”

“बाबा,” क्लेमाँस म्हणाली आणि तिने ताटली जरा जोरातच ठेवली.

“बरं बरं. असं करा चित्रकार, आमचं जेवणाचं टेबल काढा. मी, ही, सगळं घर दिसलं पाहिजे. या भिंतीवर लावण्याजोगं झालं तर मुलगी तुमची. नाही झालं तर एल्बफ.”

जिन्यात क्लेमाँसने माझी कॉलर धरली. “एव्हारिस्त, एवढं चित्र होईपर्यंत फ्रान्समध्ये राहा. मग जा हवं तिथे.”

“म्हणजे?”

“म्हणजे बाबांना दोन कान, दोन हात आणि वर अख्खी हॅट. मी मोजून घेणार आहे.”

“क्लेमाँस, कलेत असं मोजून—”

“त्या एल्बफवाल्याला हसताना पाहिलंय मी. घोड्यासारखा हसतो. मला तिथे जायचं नाही.”

मी शब्द दिला, आणि देताना तो मनापासून दिला होता.

मग दर रविवारी त्यांच्याकडे जेवायचं आणि जेवता जेवता रेखाटनं करायची, असं सुरू झालं. म्हातारबुवा पुतळ्यासारखे बसायचे. क्लेमाँसचं मात्र एक रेखाटन धड होईना. काढायला घेतली की ही उठलीच. कधी मोहरी आणायला, कधी पाव. “सारखी काय उठतेस, माझी रेघ चुकते,” असं मी एकदा चिडून म्हणालोदेखील. ती ‘चुकलं’ म्हणाली आणि माझ्यासाठी आणखी सूप आणायला गेली.

घरी कॅनव्हासवर मी सुरुवात अगदी फ्रेंच केली. म्हातारबुवा मधोमध, दोन्ही हात टेबलावर. हातांची गाजरं झाली. तेव्हा मी त्यांना जरासं उजवीकडे सरकवलं. मग आणखी जरासं. शेवटी चौकटीने एक हात गिळला, आणि हाताबरोबर एक कान, एक मिशी आणि अर्धी हॅटही गेली. मधे पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथची केवढी मोकळी जागा झाली. क्लेमाँस मागे कोपऱ्यात, खिडकीपाशी, हात मांडीवर म्हणजे दिसणार नाहीत असे. आता डावी बाजू रिकामी वाटायला लागली. तिथे निळा रंग हवा होता. माझ्या पलंगाच्या वर भिंतीला एक छापचित्र चिकटवलेलं आहे, चहाघरातली बाई तबक घेऊन चित्राबाहेर निघाली आहे, तिची निळी बाही, पाठ आणि एक टाच एवढंच दिसतं. तीच मी उचलली, तिला ॲप्रन बांधला, हातात सूपचं भांडं दिलं आणि डाव्या कडेला चिकटवली. चित्र असं काही झालं की मी एकटाच टाळ्या वाजवल्या.

क्लेमाँसला मी ते आधी दाखवलं नाही. माझं सगळं धाडस भित्रेपणातूनच येतं.

रविवारी मटण झालं, चीज झालं, आणि मी कापड ओढलं. म्हातारबुवांनी बराच वेळ पाहिलं. क्लेमाँसने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला एल्बफच्या कारखान्याची चिमणी दिसायला लागली.

“माझं उरलेलं कुठाय?” त्यांनी विचारलं.

“चौकटीबाहेर, मस्यू.”

“तिथे काय करतोय मी?”

“म्हणजे, जपानात काय करतात—”

“इतकी वर्षं हॅट विकतोय मी. अर्धी द्या असं म्हणत अजून कुणी आलेलं नाही. जपान्यांची डोकी अर्धी असतात का?”

“नाही, पण—”

“आणि हे मधे काय? रंग संपला?”

“ती मोकळी जागा आहे.”

“दिसतंय. कशासाठी सोडलीय?”

कॅफेत ज्या प्रश्नाला आम्ही कायम बगल देत आलो तोच हा हॅटवाला विचारत होता. मी तोंड उघडलं तोच क्लेमाँसची टाच माझ्या बुटावर आली.

“बाबा, ती आईची जागा आहे,” ती म्हणाली.

मला भरून आलं. पण मी कसा माणूस आहे ते सांगायलाच हवं. त्याच क्षणी माझ्या मनात आलं, हे फार झकास आहे, उद्या कॅफेत आपलं म्हणून सांगू.

म्हातारबुवांनी हॅट काढली. त्यांना उघड्या डोक्याने मी प्रथमच पाहत होतो. कपाळावर हॅटच्या कडेचा वळ होता. ते उठून चित्राजवळ गेले. सुटलो, असं मला वाटलं.

“नाही,” ते म्हणाले. “खोटं बोलू नकोस क्लेमाँस. तुझी आई मधे कधी बसली होती?” आणि त्यांनी डाव्या कडेच्या बाहीवर बोट ठेवलं. “ही आहे ती.”

त्यांचं बोट बाहीवरून पाठीवर, पाठीवरून टाचेवर गेलं.

“अशीच. सूप ठेवलं की मीठ आणायला, मीठ आणलं की पाव. मी मान वर करेपर्यंत ही निघालेली. नुसती बाही दिसायची. तिचा चेहरा आठवायला जातो तर फोटोतला आठवतो. हे मात्र मी रोज पाहिलंय.” ते माझ्याकडे वळले. “तुम्ही तिला कधी पाहिलं होतंत?”

“नाही, मस्यू.”

“मग काढलीत कशी?”

खोटं बोलायची सोय होती. पण त्या उघड्या डोक्याकडे बघून ते जमेना. “जपानातली एक बाई आहे,” मी म्हणालो. “छापचित्रातली. तिच्या हातात चहाचं तबक आहे. मी फक्त ॲप्रन बांधला.”

आता हाकलणार, असं वाटलं. त्यांनी पुन्हा त्या बाहीकडे पाहिलं.

“म्हणजे तिलाही कुणी बस म्हटलं नाही,” ते म्हणाले.

इतकी वर्षं ती बाई माझ्या उशाशी होती. तिच्या कापलेल्या पाठीवर मी तासन्‌तास व्याख्यानं झोडली होती. ही बाई कुठे निघाली आहे, आणि तिच्या वाटचा चहा कुणी ठेवला आहे का, हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. मला लाज वाटली. सर्दीने नाक आधीच वाहत होतं, त्यामुळे निभावून गेलं.

“राहू दे चित्र,” ते म्हणाले. “माझं उरलेलंही राहू दे बाहेर. लग्न कर हिच्याशी.” त्यांनी मला प्रथमच अरेतुरे केलं. “फक्त ही जेवताना बसली पाहिजे. मी रविवारी येऊन बघणार आहे.”

मी उठून उष्ट्या ताटल्या गोळा करायला लागलो. पहिलीच हातातून सुटून फुटली. क्लेमाँस सवयीने उठली.

“बस,” म्हातारबुवा आणि मी एकदम म्हणालो.