दोरैची टोपी आणि मी

मी कुयिलमलैच्या बंगल्यातली लांब हातांची आरामखुर्ची बोलतेय. अहो, उठू नका! बसलात ते बरंच केलंत. पाय तेवढे माझ्या हातांवर टाका, त्यासाठीच तर ते एवढे लांब केलेत. तुमचा चहा संपेपर्यंत माझंही सांगून होईल.

माझा जन्म खाली समुद्रकाठी, कोलंबोजवळच्या मोरटुवाचा. एका सुतारानं मला फणसाच्या जुन्या झाडातून घडवलं आणि त्याच्या बायकोनं माझी वेताची बैठक विणली. विणता विणता ती नवऱ्याला म्हणायची, "एवढी लांबलचक कुणासाठी? माणसाला बसायचंय की निजायचंय?" सुतार म्हणाला, "डोंगरावरच्या दोरैला बसून निजायचंय." तो किती खरं बोलला हे मला वर आल्यावर कळलं.

दोरै म्हणजे चहाच्या मळ्याचा मोठा साहेब. आगगाडीनं, मग बैलगाडीनं मी या उंचावर आले आणि त्यानं मला व्हरांड्यात, कठड्यापासून जरा मागे ठेवलं. तेव्हापासून मी इथेच आहे. इथल्या धुक्यानं माझे सांधे कुरकुरतात. वेताची वीण बदलली, हाडं मात्र तीच आहेत.

पण एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून छळते. त्या कठड्यापलीकडे आहे तरी काय? जो येतो तो आधी कठड्यापाशी उभा राहतो, "अहाहा!" म्हणतो आणि मग येऊन माझ्यात पडतो. पडल्यावर त्याला जे दिसतं तेच मला दिसतं. कठड्याचा काठ, त्यावरच्या फुलांच्या कुंड्या, वर आभाळ, आणि धुकं नसेल तर लांबवर श्रीपाद शिखराचं टोक. खालचं काही म्हणजे काही दिसत नाही.

ऐकू मात्र येतं. ओढ्यापलीकडच्या उतारावर चहा खुडणाऱ्या बायकांचं बोलणं येतं, आणि त्यांच्यावर ओरडणारा कंगाणी, म्हणजे मुकादम. त्याचं एकच पालुपद असायचं. "हात चालवा गं! दोरै बघतोय वरून!"

मला मोठं नवल वाटायचं. कारण तेव्हा दोरै माझ्यात आडवा होऊन, तोंडाचा आ वासून घोरत असायचा.

दोरैची रीत ठरलेली होती. जेवायचं, वर्तमानपत्र छातीवर घ्यायचं आणि पहिलं पान उलटायच्या आत डोळे मिटायचे. कठड्यापाशी तो उभा राहायचा तो पावसाचा रंग बघण्यापुरता. त्याची एक पांढरी, फुगीर टोपी होती. ती माझ्या पाठीच्या उंच खुंटावर अडकवलेली असायची. क्लबात जाताना तो दुसरी टोपी घालून जायचा, ही तिथेच राहायची. पुढे गोरे गेले, आपल्यातलेच दोरै आले. त्यांनी पडदे बदलले, कुत्री बदलली. खुंटावरची टोपी मात्र तशीच ठेवली, का ते मला कोणी सांगितलं नाही.

आता साहेब दुसरीकडे राहतो, टोपीही गेली, आणि बंगल्यात पाहुणे उतरतात. आल्या आल्या ते शेकोटीचा फोटो काढतात, मग न्हाणीघरातल्या जुन्या टबाचा, मग माझा. थंडीसाठी म्हणून येतात आणि थंडी वाजते म्हणून कुरकुरतात. मी मुकाट्यानं ऐकते. तशी मला माणसं आवडतात, वजनदार असली तरी.

मग एके दिवशी दुपारी पेच्चियम्मा आली.

आली ती मागच्या, स्वयंपाकघराच्या दारानं. तिची नात निरोशिनी कोलंबोच्या इस्पितळात नर्स आहे, तिनं एका दिवसासाठी खोली घेतली होती. नात पुढच्या दारात सामान घेऊन उभी, आणि आजी मागच्या पायरीवर चपला काढून उभी! बापाच्या जागी बंगल्याचा अप्पू, म्हणजे खानसामा झालेला पळनी, पांढरा कोट सावरत धावला. तोही खालच्या लयमातला, मजुरांच्या त्याच चाळीतला, तिच्या हाताखाली वाढलेला.

"अक्का, अहो पुढून या! तुम्ही आज पाहुण्या आहात."

"पुढून आले असते तर तुझ्या बापानं हाकललं असतं मला."

"बाप गेला की हो माझा."

"म्हणून काय झालं? पेरू चोरलास म्हणून मी तुला बदडलं होतं, आठवतं ना? मग उगाच अहो-जाहो करू नकोस."

ती व्हरांड्यात आली तीच भिंत धरून. अनवाणी, वाळकी, पाठीत वाकलेली. डोक्यावरून टोपलीचा पट्टा घेऊन घेऊन कपाळाच्या वर केस उरले नव्हते. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही. थेट कठड्यापाशी गेली आणि वाकून खाली नजर फिरवू लागली. "अहाहा" म्हणणं तर नाहीच.

"काय शोधतेयस, अप्पायी?" नातीनं विचारलं.

"दगड."

"कसला दगड?"

"तो बघ. त्या उंच झाडाखाली, सपाट. दिसतो गं इथून. अगदी स्वच्छ दिसतो. म्हणजे दोरै बघतच होता."

मग तिनं सांगितलं, आणि मी कान टवकारले. त्या उताराच्या मधोमध एक सपाट दगड आहे, पाट मांडल्यासारखा. पानं खुडता खुडता पाय भरून आले की प्रत्येकीला वाटायचं, टेकावं जरा. पण दगड बंगल्याच्या बरोबर समोर. वर बघितलं की खुर्चीच्या टोकाशी पांढरी टोपी दिसायची. टोपी दिसली की कुणाची छाती व्हायची नाही.

"माझी आई त्या दगडाला नुसता हात लावून पुढे जायची," पेच्चियम्मा म्हणाली. "शेवटी शेवटी तर तिच्या पायांत पाणी भरलं होतं. तरी नाही बसली. तुझा बाप पोटात होता तेव्हा मी रोज त्या दगडाशेजारी उभी राहून खुडत होते. मलाही कधी धीर झाला नाही. मरायच्या आधी एकदा बघायचं होतं, इथून आम्ही दिसत होतो का ते. दिसत होतो. संपलं."

"आणि आता? आता कुठे दोरै राहतोय इथे?"

"तरी त्या खुडणाऱ्या पोरी बघ ना. कोण बसलंय? बंगल्याकडे तोंड करून अजून कोणी बसत नाही. अंगातच मुरलंय ते."

पळनीनं चहा आणला, सोबत साखर. पेच्चियम्मानं कपबशी बाजूला सारली आणि पेला मागितला. साखर तळहातावर घेतली आणि एक घोट बिनदुधाचा चहा, एक चाटण साखर, असं उभ्या उभ्याच पिऊ लागली. निरोशिनीला राहवेना.

"बस ना गं अप्पायी. खुर्ची रिकामी आहे."

"वेडी का तू? दोरैच्या खुर्चीत?"

"दोरै नाही, पाहुण्यांची खुर्ची आहे. आणि तू पाहुणी आहेस."

पळनीही चुळबुळला. इतकी वर्षं मला पुसतोय, पण स्वतः कधी टेकला नाही बिचारा. आजी मात्र आता माझ्याकडे बघत होती, आणि ती नजर मी ओळखली. मला कठड्यापलीकडचं जसं कुतूहल, तसं तिला माझ्यातलं.

"बघू तरी," ती म्हणाली, "मेला बसून कसा बघायचा आमच्याकडे!"

ती बसली. इतकं हलकं माणूस माझ्यात कधी बसलं नव्हतं. नातीनं तिचे पाय उचलून माझ्या हातांवर ठेवले तेव्हा ती लाजली, "शी गं!" म्हणाली. मग मागे टेकली आणि समोर बघू लागली.

"पळनी," थोड्या वेळानं तिनं हाक मारली, "दगड कुठे गेला रे?"

"तिथेच आहे की अक्का."

"मग दिसत का नाही? हे तर नुसतं आभाळ आहे!" ती उठली, कठड्यापाशी जाऊन बघून आली, पुन्हा टेकली. "कठडा मध्ये येतोय. इथून ना दगड दिसत, ना उतार. आणि टोपी? ती तर आम्हाला रोज दिसायची!"

पळनी कान खाजवू लागला. "अक्का, टोपी इथेच असायची. दोरै क्लबात गेला तरी. बाबाला ताकीद होती, टोपीला हात लावायचा नाही. बाबा म्हणायचा, टोपी राखण करते."

माझ्या खुंटावर इतकी वर्षं काय लटकत होतं, ते मला त्या क्षणी समजलं.

पेच्चियम्मा हसायला लागली. हसता हसता माझा सगळा सांगाडा हलला. मग हसणं कधी थांबलं आणि रडणं कधी सुरू झालं ते नातीलाही कळलं नाही. "आई गं," ती म्हणत होती, "अगं आई, टोपीला भ्यायलो गं आपण! नुसत्या टोपीला!" निरोशिनी माझ्या पायाशी बसून तिचे तळवे चोळत राहिली. मला खूप वाईट वाटलं. बोलता आलं असतं तर तिच्या आईलाच हाक मारून सांगितलं असतं, बाई, बस तू, इथे सगळे झोपलेत.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आजी-नात खाली उतरल्या. पळनी हातातला ट्रे न ठेवताच कठड्यापाशी उभा राहिला. व्हरांड्यात दुसरं कोणी नव्हतं, तरी तो मोठ्यानं बोलत होता. मला सांगत होता असं मी धरून चालते.

"पूल ओलांडला... चढ चढतायत, पोरीनं हात धरलाय... दगडापाशी पोचल्या. हात लावला."

मग तो ट्रेसकट कठड्यावरून पुढे वाकला.

"बसल्या! अहो, पेच्चिअक्का बसल्या!"

ट्रेमधल्या बशा खळखळल्या. आणि ओढ्यापलीकडून तिचा आवाज आला, बारीक पण खणखणीत. "या गं पोरींनो, टेका जरा! वरून काही दिसत नाही. मी बसून बघितलंय!"

कंगाणी खेकसला, "ए आजी, पोरींना बिघडवू नकोस! वर बंगला आहे!"

"असू दे! दोरै झोपलाय!"

एक बाई हसली. मग दुसरी. मग तो सगळा उतारच हसायला लागला. इतकी वर्षं तिकडचे आवाज ऐकतेय, पण एवढं मोठं हसू या बाजूला कधी आलं नव्हतं.

संपला ना चहा? मग उठताना एक करा. दोन्ही हातांनी धरून मला उचला आणि पार कठड्याला भिडवा. पाठ उंच करा, खाली पाट सरकवा, काहीही करा. दगडावर आज कोण बसलंय ते मला एकदा माझ्या डोळ्यांनी बघायचंय.