धुवायला टाकलेला सदरा

धुण्याच्या हंड्यावरचं झाकण खडखडायला लागलं. साऱ्या छावणीत तेवढाच आवाज. सकाळचे ढोल थांबले की असंच होतं. माणसं रांगेत उभी राहतात आणि दिवसाचे हुकूम वाचून होईपर्यंत कुणी खोकतही नाही. मी काठीनं झाकण बाजूला सारलं, कारण मला ऐकायचं होतं.

मला ते हुकूम ऐकायला आवडतात. माझ्याबरोबर पलटणीचं धुणं धुणारी ग्रीत्ये मावशी म्हणते, "प्रवचनात पेंगते ही, पण शौचाचे खड्डे कुठे खणायचे म्हटलं की कान टवकारते." खरंच आहे ते. कुणीतरी रात्री बसून एवढ्या सगळ्याचा विचार करतं याचं मला नवल वाटतं. केस कसे बांधायचे, बायकांनी सामानाच्या गाड्यांवर बसायचं नाही, धुणं ओढ्याच्या कुठल्या अंगाला धुवायचं. ज्याच्याशी लढायचं त्या राजाची फौज नदीच्या खाली कुठेतरी असते म्हणे. आमची रोजची लढाई केसांशी आणि खड्ड्यांशी.

आजचा हुकूम नवा होता. फौजेनं दिलेलं सगळं सामान ज्यानं त्यानं आपल्या घोंगडीवर मांडायचं. फाटलं-झिजलं असेल ते तसंच दाखवायचं, बदली नवं मिळेल. जे दाखवता येणार नाही ते विकलं असं धरलं जाईल, आणि विकणाऱ्याला फटके.

माझ्या हातातली काठी थांबली. गेल्या आठवड्यात एका पोरानं दारूपायी घोंगडी विकली होती. त्याची पाठ पुसलेल्या चिंध्या मीच धुतल्या. आणि माझ्या नवऱ्याचा, असहेलचा, दुसरा सदरा या हंड्यात उकळत होता. पण सदरा म्हणून नव्हे, बाळोती म्हणून. थंडीत, वाटेवरच बाळंत झाले तेव्हा त्यानंच तो सुरीनं फाडला. दुसरं कापड नव्हतं जवळ.

टेकडीवरून सार्जंटचा आवाज आला, "पार्मेली, सदरे दोन. दुसरा कुठाय?"

"धुवायला टाकलाय," असहेल म्हणाला.

हे उत्तर सगळेच देतात आणि ते खपतं. पण कॅप्टन विलेट नवा होता. फौजेत यायच्या आधी घड्याळं दुरुस्त करायचा, आणि अशा माणसाला कुठलीही गोष्ट उघडून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. "कुठे टाकलाय? चला, बघू या," तो म्हणाला, आणि तिघेही टेकडी उतरू लागले.

"या साहेब," ग्रीत्ये मावशी म्हणाली. "दोन हात कमीच होते आम्हाला. घ्या काठी."

त्यानं टोपीला हात लावला. "पार्मेलीचा सदरा कोणता, बाई?"

झुडपांवर दुसऱ्यांचे सदरे वाळत होते. एखादं दाखवावं असं क्षणभर मनात आलं. पण प्रत्येकावर खूण असते, आणि या माणसानं ती पाहिलीच असती.

"आहे साहेब," मी म्हटलं. "पण अख्खा नाही. फाटका असेल तर तसाच दाखवा, असं हुकमात आहे ना? दाखवते."

"हिला हुकूम पाठ," सार्जंट पुटपुटला.

"तुझ्यापेक्षा बरे," मावशी म्हणाली.

मी काठीनं एकेक तुकडा काढून गवतावर पसरू लागले. वाफा निघत होत्या. कॉलर, तिच्यावर फौजेची खूण. छातीचे दोन भाग. टॅबी, माझी थोरली, धावत जाऊन झुडपावरून खालचा घेर घेऊन आली. तिला वाटलं, खेळच आहे. कॅप्टनलाही तसंच वाटत असावं. तो गुडघे मोडून बसला आणि मान तिरपी करून पाहू लागला.

"हा उलटा लागलाय," तो म्हणाला. "शिवण आतल्या बाजूला हवी." त्यानं स्वतः तो तुकडा फिरवला, खांद्याला खांदा जुळवला. "आणि पाठ?"

"बाळाच्या बुडाखाली."

मी टोपलीतून ईनसला उचललं आणि बाळोत्यासकट सदऱ्याच्या मधोमध ठेवलं. तो पाय झाडू लागला. कॅप्टननं एक कोपरा बोटानं दाबून धरला. "छान. डावी बाही ही. आता उजवी."

पहिला तुकडा मांडला तेव्हापासून मला ठाऊक होतं की आम्ही इथे येऊन अडणार. असहेल ओढ्याकडे पाहत होता.

"ती नाही," मी म्हटलं.

"विकली?" सार्जंटनं विचारलं.

"एक बाही कोण विकत घेतं रे, शहाण्या?" मावशी म्हणाली.

कॅप्टननं तिला हातानं थांबवलं. त्याला खरंच कळून घ्यायचं होतं. "मग आहे कुठे?"

"नावेनं नदी ओलांडतात त्या उताराच्या अलीकडे, साहेब, रस्त्याच्या कडेला. जमिनीत." मी ईनसचा पाय धरून ठेवला होता. "दोन झाली होती. हा, आणि एक मुलगी. तिला सकाळ दिसली नाही. एवढीशीच होती. बाहीत मावली."

असहेलनं संगिनीनं जमीन उकरली होती, कारण ती गोठलेली होती. पलटण थांबली नाही. आम्ही मागून पळत जाऊन तिला गाठलं. हे मी सांगितलं नाही.

कॅप्टननं दुसऱ्या हातानं उजव्या खांद्याची शिवण सरळ केली. मग सार्जंटकडे न बघता म्हणाला, "लिहा. सदरा एक, निकामी. संपूर्ण दाखवला. बदली द्यावा."

"साहेब, बाही..."

"संपूर्ण."

सार्जंटनं लिहिलं. पण तो नियमाचा माणूस. "निकामी माल जमा करून घ्यावा लागतो, साहेब."

तेवढ्यात ईनसनं आपलं काम उरकलं. कॅप्टनचं बोट अजून बाळोत्यावरच होतं.

"घ्या जमा करून," मावशी म्हणाली. "गरम आहे तोवर."

असहेलनं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते आणि तो हसतोय की काय, मला कळेना. कॅप्टन उठला आणि हात विजारीला पुसत म्हणाला, "नंतर. धुऊन." मग तिघे टेकडी चढू लागले. जाताना असहेल टॅबीच्या डोक्यावरून हात फिरवून गेला. माझ्यापाशी थांबायला वेळ नव्हता. रांग अजून मोडली नव्हती.

मी खाली बसले आणि तुकडे गोळा करू लागले. फटके नाहीत, नवा सदरा मिळणार, हे मनाशी पुन्हा पुन्हा म्हणत होते.

टॅबीनं डावी बाही घेतली आणि ईनसभोवती गुंडाळून पाहिली. ती त्याच्या पोटावरसुद्धा पुरेना. तिनं ओढून पाहिलं, पुन्हा पाहिलं, मग सदऱ्याच्या उजव्या अंगाला, जिथे नुसतं गवत होतं, तिथे जाऊन बसली.

"आई, ईनस बघ केवढा झालाय."

"हो गं."

"मग तीपण झाली असेल ना एवढी? आता कशी मावते ती बाहीत?"