इस्त्रीची सवय

माझं शिक्षण चौथी. तिच्याही परीक्षेला बसले नाही, तेव्हा तिसरीच म्हणा. पण बालवर्गाच्या शाळेत मदतनीस म्हणून सव्वीस वर्षं काढली आणि या भागातल्या निम्म्या लोकांची नाकं मी पुसलीत. आता त्यातले काही रुबाबात समोरून जातात, ओळख देत नाहीत. न देवोत. कोण किती वर्षांचा होईपर्यंत चड्डी ओली करत होता, ते मला पाठ आहे.

माझी सून त्याच शाळेत कॉम्प्युटरच्या बाई म्हणून लागली. शिकलेली, नेटकी, बोलणं गोड. करार वर्षाचा. मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "कॉम्प्युटरच्या खोलीत दोन माणसं कशाला? महिनाभर बघू. मावशींचा उपयोग झाला तर राहतील, नाहीतर बुटांच्या खोलीत."

बुटांच्या खोलीत म्हणजे दिवसभर भिंतीकडे तोंड करून ऐंशी जोड नीट लावायचे. सव्वीस वर्षं पोरांचे चेहरे बघितल्यावर मी त्यांचे बूट बघत बसणार नव्हते.

बारा कॉम्प्युटर, चोवीस पोरं. सूनबाई म्हणाली, "बाळांनो, माऊस हलवला की पडद्यावरचा बाण हलतो. बाणानं प्रत्येकानं आपलं बदक तळ्यात न्यायचं." एकानं माऊस उचलून पडद्याला टेकवला. एकानं कानाला लावला आणि बाबांशी बोलायला लागला. दोन वेण्यांची एक ठमाकाकू तर वायर धरून गरागरा फिरवत होती. आठवडाभर हेच. घरी येऊन सूनबाई भांडी घासता घासता रडायला लागली. "आई, मला नाही जमायचं हे."

"रडायचं तर नळ बंद करून रड," मी म्हटलं. "पाणी वाया जातंय."

दुसऱ्या दिवशी मी घरातले सगळे हातरुमाल नेले. चुरगळून एकेका माऊसखाली अंथरले. पोरांना म्हटलं, "ही इस्त्री. इस्त्री कुणी हवेत फिरवतं का? टेकवायची आणि सरकवायची. बाण जाईल तिथली सुरकुती गेली. एखादी हट्टी असेल तर बोटानं दाबा. एकदाच हं, दोनदा दाबलं तर कापड करपेल."

चौथ्या दिवशी पडद्यावरची चोवीसच्या चोवीस बदकं तळ्यात. मग रुमालही लागेनात.

मी त्या खोलीत राहिले. सूनबाईचा करारही वाढला. पुढे बाहेरून पाहुणे आले. तिनं त्यांना 'इस्त्री पद्धत' समजावून सांगितली, मी पाणी दिलं. त्यावर एक पुस्तिका छापून आली. पहिल्या पानावर तिचा फोटो, शेवटच्या पानावर 'मदतनिसांचे सहकार्य लाभले'. मी एकेक अक्षर लावत वाचलं. शाळेत मदतनीस एकच.

"आई, नाव घालायचं राहूनच गेलं हो," ती म्हणाली.

"असू दे. फोटो तेवढा आठवणीनं गेला."

त्याच पुस्तिकेच्या जोरावर पुढच्या वर्षी शाळेला नव्या पाट्या मिळाल्या. सपाट, काचेच्या, नुसतं बोट लावायचं. माऊस खोक्यात गेले. उद्घाटनाला मोठ्या बाई आणि तेच पाहुणे येऊन उभे. सूनबाई म्हणाली, "करा सुरू." आणि पोरांनी काचेवर सगळा तळवा टेकवून इकडून तिकडे दाबत फिरवायला सुरुवात केली. बदकं पळाली, चित्रं उलटीपालटी झाली, दोन पाट्या बंदच पडल्या. ती वेण्यांची ओरडली, "आजी, रुमाल कुठाय?"

मोठ्या बाईंच्या कपाळावर आठ्या. "हे कुणी शिकवलं यांना?"

सूनबाईनं माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. "ती... आईंची सवय आहे. त्यांनीच लावली. मी सांगत होते त्यांना."

पुस्तिका तिथेच टेबलावर होती, फोटोतली सूनबाई हसत होती. मला फक्त हात लांब करून पान उघडायचं होतं. तिचा करार त्याच महिन्यात संपत होता, हे मला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. म्हणून तर बोलली.

"हो," मी म्हटलं. "माझीच. पहिल्यापासून शेवटपर्यंत माझी."

वर्षभरात पहिल्यांदा ती पद्धत माझ्या नावावर लागली. कुणी हरकत घेतली नाही.

सोमवारपासून मी बुटांच्या खोलीत. डावा उजवा, डावा उजवा. पोरं दारातून ओरडतात, "आजी, आत चला ना." मी म्हणते, "आत तुमच्या बाई आहेत. शिका."

तिचा करार वाढल्याचं त्याच आठवड्यात कळलं. संध्याकाळी मी नातवाचा शर्ट घेऊन बसले होते. ती शेजारी येऊन उभी राहिली. हळूच म्हणाली, "आई, रागावलात?"

मी मान वर केली नाही. म्हटलं, "इस्त्री तापलीय. लांब राहा."