राखीव नावाचा रकाना

मित्रांनो, मी एक जुना रकाना आहे. कागदावरचा नव्हे, संगणकात साठवलेल्या तक्त्याचा. सर्वण गावाच्या पाणीवाटप मंडळात माझा जन्म झाला. बंधाऱ्याचे पाणी कोणत्या शेताला कितव्या क्रमाने द्यायचे, तो आकडा माझ्यात राहतो.

मला घडवले मंडळाचे तेव्हाचे चिटणीस गौरेश यांनी. क्रम म्हणून त्यांनी माझे नाव 'ऑर्डर' ठेवले. इथेच चूक झाली. ज्या एसक्यूएल भाषेत आम्हाला प्रश्न विचारतात, तिने काही शब्द स्वतःच्या हुकमांसाठी राखून ठेवले आहेत. 'ऑर्डर' त्यांपैकीच एक. गौरेश माझ्या नावाभोवती एक विशिष्ट तिरकी खूण करत, म्हणजे यंत्र मला हुकूम न समजता रकाना समजे. ही युक्ती त्यांनी कुठेही लिहून ठेवली नाही. बारा वर्षे याद्या बिनचूक निघाल्या. "गौरेशाची यादी म्हणजे भांडणच नाय," असे लोक म्हणत, तेव्हा मलाही अभिमान वाटे.

गेल्या वर्षी गौरेश नोकरीसाठी वाळपईला गेले आणि काम नव्या चिटणीस समीक्षाकडे आले. मार्चमध्ये वायंगणी, म्हणजे उन्हाळी भाताची शेवटची पाळी आली. बंधाऱ्यात पाणी थोडेच उरले होते. आमच्या गावची रीत अशी, की शेवटच्या पाळीत कालव्याच्या टोकाच्या शेताला आधी पाणी द्यायचे. नाहीतर तिथवर ते पोहोचतच नाही. समीक्षाने आकडे अचूक भरले. टोकाला पाच कुणगे, म्हणजे भाताचे लहान वाफे, असलेल्या कमलाक्षीकाकींसमोर माझ्यात एक हा आकडा होता.

पण यादी काढताना यंत्राने चूक दाखवली. समीक्षाने माझे नाव साध्या अवतरणचिन्हांत घातले. चूक नाहीशी झाली, यादी निघाली. तिला कसे कळणार, की आता यंत्राला मी रकाना नव्हे, नुसता एक शब्द वाटत होतो? सगळ्या ओळींना तोच शब्द. मग क्रम कशाचा लावणार? नावे नोंदणीच्या क्रमाने, बंधाऱ्याजवळच्या शेतापासून छापली गेली. यादीत आकडे छापत नसत. मी आत आकडे घेऊन उभा होतो, पण मला कोणी विचारलेच नव्हते.

सकाळी आठ वाजता बंधाऱ्याचे दार सांभाळणाऱ्या रुद्रेशने यादी पाहून पाणी सोडले. दहा वाजता कमलाक्षीकाकी कचेरीत आल्या.

"समीक्षा, माझां नाव तळाक कित्याक गो?"

"काकी, यादी कंप्युटरान काढल्या."

"मग तुझ्या कंप्युटराक सांग, माझ्या शेतात येऊन उभो रव! भात दुधात आसा. आज पाणी नाय, तर दाणो भरतलो कसो?"

समीक्षाने तक्ता उघडला, माझ्यातला एक पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. तिने आधी रुद्रेशला फोन केला. "दार बंद कर! आत्ताच्या आत्ता!" मग गौरेशना.

"अगो, साधां अवतरणचिन्ह नाय," गौरेश म्हणाले. "कीबोर्डार एकाच्या आकड्याशेजारची तिरकी खूण. सांगूक इसारलंय."

"बारा वर्सां इसारलास?"

समीक्षाने खूण बदलली. यादी पुन्हा निघाली, कमलाक्षीकाकी पहिल्या. रुद्रेशने वरच्या शेतांची तोंडे मातीने बुजवली आणि दार पुन्हा उघडले. काकी कालव्याच्या काठाने पाण्याबरोबर चालत गेल्या. दुपारी समीक्षाचा फोन वाजला.

"पाणी पावला," काकी म्हणाल्या. "चार कुणगे भिजले. पाचव्याच्या मदी येऊन थांबला."

त्याच संध्याकाळी समीक्षाने माझे नाव बदलले. आता मी 'पाणीपाळी' आहे. मला हाक मारायला कोणतीही खूण लागत नाही.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी एखादा तक्ता घडवाल. रकान्याला नाव देण्यापूर्वी राखीव शब्दांची यादी एकदा पाहा, आणि जे तुम्हाला ठाऊक आहे ते मागून येणाऱ्यासाठी लिहून ठेवा. माझे नाव दोन मिनिटांत बदलले. पाचव्या कुणग्याचा न भिजलेला अर्धा भाग पिवळा झाला, दाणा पोकळ राहिला, आणि काकींनी तो कापलाच नाही.